घोडा कोणाचा? लष्करी दंतसेवेतील शिष्यवृत्ती आणि निवासी शिक्षण

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराचे जुने देऊळ आहे. कन्नडात काडू म्हणजे रान. रान केव्हाच गेले. १८९८ च्या प्लेगनंतर इथे आखीव वस्ती उभी राहिली, पण देवाच्या नावात रान टिकून आहे. या देवाला व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. बेंगळूर ही तेव्हा भोसल्यांची जहागीर होती. देवळापासून पायी निघाले की थोड्याच वेळात संपिगे रस्त्यावरचा अठरावा क्रॉस येतो. तिथे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘केईए’चे कार्यालय आहे. राज्याच्या वाट्याच्या दंतवैद्यकीय जागा, पदवीच्या म्हणजे बीडीएसच्या आणि पदव्युत्तर एमडीएसच्याही, याच प्राधिकरणाकडून वाटल्या जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडच्या मराठी घरांतली मुलेही त्याच रांगेतली.

त्या रांगेतल्या काहींच्या मनात फौज असते. सीमाभागात ते नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. ‘बीडीएसनंतर आर्मीत गेलं की पुढचं शिक्षण सरकार करतं’ हे वाक्य अशा घरांत सहज ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी शब्द साफ करू. शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि पगार हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांमागचे व्यवहार निराळे आहेत. मराठी राज्यव्यवहारात हा फरक चोख होता. इनामाला चाकरीची अट नसे. व्यंकोजींनी देवाला गाव दिले ते इनाम. फौजेत मात्र दोन तऱ्हा होत्या. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई, म्हणून त्याचा मुशाहिरा मोठा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. पगार कमी, पण घोडा मेला तर नुकसान सरकारचे. शिवाजी महाराजांनी पागेला महत्त्व दिले त्याचे कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याचा हुकूम.

लष्करी दंतसेवेत घोडा म्हणजे पदवी. ती कोणाच्या पैशाने मिळाली, केव्हा मिळाली आणि तिच्या बदल्यात किती वर्षांची चाकरी लिहून दिली, या तीन प्रश्नांत सगळा विषय येतो. बीडीएसला तट्टू आणि एमडीएसला घोडा म्हटले तर बीडीएसवाले रागावतील, आणि त्यांचे बरोबरच आहे. भारतात बीडीएस हा कायद्याने पूर्ण दंतवैद्य असतो, निवासी प्रशिक्षणावाचून त्याचा दवाखाना अडत नाही. पण फौजेत किती काळ राहता येते हे ठरवताना हा तट्टू-घोडा भेद कसा डोके वर काढतो ते पुढे दिसेल.

फौजेला दंतवैद्य हवाच असतो, हे जगाला फार उशिरा पटले. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिच्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. त्याच वर्षी एनच्या लढाईच्या सुमारास जनरल डग्लस हेग यांची दाढ ठणकली आणि पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला. त्यानंतर फौजेत दंतवैद्य नेमण्याची घाई सुरू झाली. हजारो शिपायांच्या दाढांनी जे झाले नाही ते एका सेनापतीच्या दाढेने झाले! ब्रिटनचे आर्मी डेंटल कोअर १९२१ मध्ये उभे राहिले. अमेरिकेने ते काम १९११ मध्येच केले होते. भारतीय सैन्यात दंतसेवेचे स्वतंत्र कोअर आले ते दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये. याच कोअरचे अधिकारी नौदलात आणि हवाई दलातही नेमले जातात. त्यामुळे दंतवैद्य म्हणून सैन्यात शिरलेली मुलगी पुढे पांढऱ्या किंवा निळ्या गणवेशात दिसू शकते.

अमेरिकेने घोड्याचा प्रश्न सगळ्यात आधीच्या टप्प्यावर सोडवला. १९७२ च्या कायद्याने तिथे आरोग्य व्यवसायांसाठी लष्करी शिष्यवृत्ती सुरू झाली. दंतमहाविद्यालयात शिरणाऱ्याची फी सरकार भरते, दरमहा विद्यावेतन देते आणि साधारण एका वर्षाच्या शिष्यवृत्तीमागे एका वर्षाची सेवा घेते. स्वार अजून घोड्यावर बसायला शिकलेला नसतानाच त्याला पागेत नोंदवून घेण्याची ही पद्धत आहे. तिथे दंतशिक्षणाची फी अवाढव्य असल्याने तिला गिऱ्हाइकांची वाण नाही. यातली एक बारीक अट मात्र आपल्याकडच्या वाचकानेही ध्यानात ठेवावी: पदवीनंतर लष्करातच रेसिडेन्सी केली, तर ती वर्षे शिष्यवृत्तीच्या फेडीत धरत नाहीत. शिकण्याचा काळ आणि फेडण्याचा काळ यांची वही वेगवेगळी. कोणत्याही देशातला लष्करी शिक्षणाचा करार वाचताना आधी हेच कलम शोधावे.

भारतात पदवीच्या टप्प्यावर असे काही नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे १ मे १९४८ ला स्थापन झालेले एएफएमसी, एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला शिकवते आणि त्याच्याकडून सेवेची हमी घेते. दंतवैद्यकात ही सोय नाही, कारण तिथे बीडीएस नाही. दंतशल्य विभाग आहे आणि शिक्षण एमडीएसचे. सिकंदराबादला २००१ मध्ये आर्मी कॉलेज ऑफ डेंटल सायन्सेस निघाले. नाव ऐकून पुष्कळांची फसगत होते. ते सैनिकांच्या मुलांसाठी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीने चालवलेले महाविद्यालय आहे, दंत अधिकारी घडवणारी अकादमी नव्हे.

मग या टप्प्यावर शिष्यवृत्ती म्हणून उरते काय? माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत चालणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. पहिल्या व्यावसायिक पदवीला ती मिळते आणि त्यात बीडीएस येते. २०१९-२० पासून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, वर्षाला एकूण ५,५०० शिष्यवृत्त्या. बदल्यात चाकरीची अट नाही, म्हणजे शब्दाच्या जुन्या अर्थाने हे इनाम आहे. शिवाय कर्नाटकात प्रवेशाच्या वेळी सैनिक आणि माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी विशेष प्रवर्ग असतो, महाराष्ट्रात संरक्षण दलाचे तीन उपप्रवर्ग आहेत. या सवलती बापाच्या चाकरीबद्दल मिळतात. मुलीच्या स्वतःच्या पुढच्या चाकरीशी त्यांचा संबंध नाही. हे दोन व्यवहार एकाच थैलीत घातल्यामुळेच ‘आर्मीची डेंटल स्कॉलरशिप’ नावाचा गोंधळ जन्माला येतो. पंतप्रधान योजनेचा पैसा एमडीएसला मिळत नाही, हेही इथेच नोंदवून ठेवावे.

आता दुसरा टप्पा. बीडीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप संपली, दंत परिषदेत कायम नोंदणी झाली, की आर्मी डेंटल कोअरच्या अल्पसेवा कमिशनला अर्ज करता येतो. बीडीएसच्या अंतिम वर्षात किमान ५५ टक्के गुण लागतात. वयाची मर्यादा ४५ वर्षे आहे, म्हणजे बऱ्यापैकी ऐसपैस. निवड झाली की थेट कॅप्टन. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे नीट-एमडीएसच्या गुणांवरून ठरते. २०१७ च्या प्रवेशांपासून सुरू झालेली ही परीक्षा मुळात एमडीएसच्या जागांसाठी आहे, पण तिचीच गुणपत्रिका कमिशनच्या दारातही दाखवावी लागते. दोन खिडक्यांवर चालणारे हे एकच तिकीट. मल्लेश्वरमच्या रांगेतल्या मुलीच्या हातात जो कागद असतो, त्याच कागदावर दिल्लीहून मुलाखतीचे बोलावणे येऊ शकते, आणि बऱ्याच जणींना हे फार उशिरा कळते.

पैशाचा हिशेब कागदावरच मांडू. सातव्या वेतन आयोगानुसार कॅप्टनचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर २० टक्के व्यवसायरोध भत्ता, म्हणजे १२,२६०. लष्करी सेवा वेतन १५,५००. बेरीज ८९,०६०, महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते सोडून. असा अधिकारी सेवेत राहून तीन वर्षांचे एमडीएस करतो तेव्हा त्याचा पगार चालूच असतो. वेतनवाढ न धरता छत्तीस महिन्यांचे ३२ लाखांच्या वर जातात. पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलीला पाच वर्षे मिळाली तरी १,८०,००० च्या पुढे जात नाही. भारतीय लष्कराची खरी दंत-शिष्यवृत्ती कुठे आहे, हे या दोन आकड्यांवरून कळते. ती पदवीनंतर, पगाराच्या रूपात, नोकरीच्या आत दडलेली आहे. तिला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत म्हणून ती दिसत नाही.

ही पागेतली घोडी वाटण्याचाही क्रम आहे. लष्करी संस्थांतल्या पदव्युत्तर जागांवर पहिला हक्क सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांचा, आणि नीट-एमडीएस त्यांनाही चुकत नाही. एमडीएसनंतर लगेच कोणी मोठा तज्ज्ञ ठरत नाही. आधी ‘ग्रेडेड स्पेशालिस्ट’, मग अनुभव आणि परीक्षणानंतर ‘क्लासिफाइड स्पेशालिस्ट’ अशी पायरी चढावी लागते. नागरी जीवनात पदवी मिळाली की पाटीवर नाव येते. फौजेत विद्यापीठाच्या शिक्क्यानंतर फौजेचा स्वतःचा शिक्का लागतो, आणि हे मला चांगले वाटते. तीन वर्षांच्या निवासी शिक्षणाने हात तयार होतो. निवाडा त्यानंतर तयार होतो.

फौजेतल्या निवासी शिक्षणाला वेगळे काय म्हणून हवे, असा प्रश्न इथे रास्त आहे. दात तर सगळ्यांचे सारखेच. फरक रोग्यात कमी आहे, प्रश्नात जास्त आहे. दवाखान्यातला दंतवैद्य विचारतो, काय दुखतंय? लष्करी दंतवैद्याला विचारावे लागते, येत्या बारा महिन्यांत काय दुखेल? नाटो देशांच्या फौजांत सैनिकाचे मुखारोग्य चार वर्गांत मांडतात. पहिल्या वर्गात काहीच करायचे नाही. दुसऱ्यात उपचार हवा, पण वर्षभरात अचानक दुखणे उद्भवण्याची शक्यता कमी. तिसऱ्यात ती शक्यता आहे, म्हणून त्याला मोहिमेवर पाठवायचे नाही. चौथ्यात तपासणीच व्हायची आहे. वर्गवारी साधी दिसते, पण तिने शिक्षणाची दिशाच बदलते. अर्धवट उगवलेली, आज शांत असलेली अक्कलदाढ शहरात ठेवून देता येते. बर्फात बसलेल्या ठाण्यावर तीच दाढ सुजली तर हेलिकॉप्टर उडवावे लागते. निर्णय घेणारा हात तोच, दाढ तीच, पत्ता बदलला की उपचार बदलतो.

बेंगळुरूत या भेदाचे आणखी बोलके उदाहरण मिळते. हे हवाई दलाचे शहर. जुन्या विमानतळ रस्त्यावर कमांड हॉस्पिटल आहे, आणि १९५७ पासूनची हवाई वैद्यकाची संस्थाही त्याच बाजूला. वैमानिकांना होणाऱ्या एका दुखण्याला बॅरोडाँटाल्जिया म्हणतात. साध्या मराठीत, दाब बदलल्याने होणारी दातदुखी. विमान वर चढते, बाहेरचा दाब घटतो, आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे कोंडलेली हवा प्रसरण पावते. नीट न बसलेल्या भरावाखाली, किडलेल्या दाताच्या पोकळीत किंवा दाहलेल्या लगद्याभोवती अशी पोकळी असेल तर जमिनीवर मुका असलेला दात आकाशात बोलू लागतो. वरच्या दाढांची मुळे गालाच्या सायनसला लागून असतात, त्यामुळे सायनसचे दुखणे दाढेचे सोंग घेऊन येते, तेही ओळखता यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली तशी ही तक्रार फौजी वैद्यकाच्या पुस्तकांत आली. पाणबुड्यांनाही ती होते, तिथे दाबाची चढउतार पाण्याखालची असते.

आता निवासी विद्यार्थ्याच्या बाजूने पाहा. नागरी महाविद्यालयात रूट कॅनॉल शिकवताना भराव घट्ट बसावा हे सांगतातच, पण तो थोडा ढिला राहिला तर रोगी सहा महिन्यांनी परत येईल, इतकीच त्याची किंमत. वैमानिकाच्या बाबतीत तो ढिलेपणा हजारो फुटांवर, दोन्ही हात कामात असताना कळतो. म्हणून त्याच्या तोंडात कोणता भराव घालायचा, शस्त्रक्रियेनंतर त्याला किती काळ जमिनीवर ठेवायचे, कोणता संशयास्पद दात वाचवण्याऐवजी काढूनच टाकायचा, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या मध्यभागी येतात. एमडीएसच्या नऊ शाखा सगळीकडे त्याच आहेत, विद्यापीठाचा अभ्यासक्रमही तोच. पण रोज समोर बसणारा रोगी तो अभ्यासक्रम आतून वाकवतो.

जबड्याची आणि चेहऱ्याची शल्यक्रिया ही शाखा तर फौजेच्या मांडीवरच वाढली. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्यांचे चेहरे गेले, आणि दंतवैद्य व शल्यवैद्य पहिल्यांदा एका टेबलाशी उभे राहिले. पण मराठी वाचकाला त्याच्याही मागे जाता येते. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्यात वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. हकिगत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापून आली आणि युरोपातले शल्यवैद्य त्या तंत्राच्या मागे लागले. फौजी जखम, पुणे आणि चेहऱ्याची पुनर्रचना यांचा संबंध एएफएमसीपेक्षा दीडशे वर्षांनी जुना आहे. त्या कारागिराला ना विद्यावेतन होते, ना क्लासिफाइड दर्जा.

इथे एक वावगी गोष्टही सांगितली पाहिजे. जबड्याच्या शल्यक्रियेचा हात बसायला रुग्णांचा ओघ लागतो. बेंगळुरूच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत दुचाकीवरून पडून जबडा मोडलेल्यांची वाण नाही. व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारातले १९५८ चे सरकारी दंतमहाविद्यालय याच गर्दीवर शिकवते. लष्करी रुग्णालयात रोगी शिस्तीचा, साधने चांगली, पण शांततेच्या काळात अपघाती चेहरे त्या संख्येने येतात असे नाही. फौजेतले निवासी शिक्षण सर्वच शाखांत सरस, असे जे बोलले जाते ते म्हणून मला मान्य नाही. कृत्रिम दंतशास्त्रात आणि प्रतिबंधक कामात फौजेची शिस्त फळते. शल्यक्रियेसाठी मी सरकारी नागरी रुग्णालयच आधी मोजीन.

आता सर्वांत नाजूक गाठ. अल्पसेवा कमिशन सुरुवातीला ५ वर्षांचे. पुढे आधी ५ आणि मग ४ अशी ९ वर्षांपर्यंत मुदतवाढ, एकूण १४. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी साधारण २० वर्षांची सेवा लागते. म्हणजे चोविसाव्या वर्षी आलेली मुलगी अडतिसाव्या वर्षी बाहेर पडते, उपदान घेऊन, निवृत्तिवेतनाविना. तिथून पुढे दवाखाना थाटायचा, तोही चौदा वर्षे आधी दुकान मांडून बसलेल्या वर्गमित्रांच्या शेजारी. या कोंडीतून वाट एकच: सेवेत असताना विभागीय परीक्षा आणि मुलाखतीतून कायम कमिशन मिळवणे. आणि इथे तो तट्टू-घोडा भेद उभा राहतो.

लेफ्टनंट कर्नल सुप्रिता चंदेल यांच्या प्रकरणात हे सगळे न्यायालयापुढे उलगडले. त्या २००८ मध्ये अल्पसेवा कमिशनवर दंत कोअरमध्ये आल्या. त्या वेळच्या नियमाने कायम कमिशनसाठी तीन संधी होत्या. मार्च २०१३ मध्ये नियम बदलला आणि वयाची सवलत फक्त एमडीएस असलेल्यांपुरती उरली. त्यांची तिसरी संधी हुकली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांच्यासारख्याच काही अधिकाऱ्यांना दिलासा दिला, पण त्या त्या दाव्यात नव्हत्या, म्हणून तो त्यांना नाकारला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ चा अधिकार वापरून त्यांना कायम कमिशन देण्याचा आदेश दिला. एकाच परिस्थितीतल्या माणसांना, कोर्टात गेलेले आणि न गेलेले अशी वेगळी मापे लावू नयेत, हे त्या निकालाचे सार.

निकाल एका व्यक्तीपुरता सुखाचा झाला. माझा रोख मात्र २०१३ च्या त्या बदलाकडे आहे. भरती करताना बीडीएस चालते. कायम ठेवताना, वय पुढे गेले असेल तर, एमडीएस लागते. या दोन अटींच्या मध्ये जो पूल आहे तो म्हणजे सेवेतली एमडीएसची जागा, आणि ती जागा देणारी फौजच आहे. बारगिराला घोडा द्यायचा की नाही हे सरकारच्या हाती, आणि घोडा नाही म्हणून त्याला पागेतून काढायचे हेही सरकारच्याच हाती, असा हा मामला. प्रशासनाला यात गैर काही वाटत नसेल, कारण तज्ज्ञ टिकवायचे तर कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. मान्य. पण रेघ ओढणाऱ्याने ती भरतीच्या वेळी दाखवली पाहिजे.

मुलींना आणखी एक रेघ सोसावी लागली. दंत कोअरच्या भरतीत ३० पैकी २७ जागा पुरुषांना आणि ३ स्त्रियांना ठेवल्या गेल्या. दंतमहाविद्यालयांच्या वर्गात मुलींची बहुसंख्या असते, हे तिथे एक फेरी मारणाऱ्यालाही दिसते. एप्रिल २०२३ मध्ये गोपिका नायर प्रकरणात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, यांच्या खंडपीठाने ही घड्याळाचे काटे उलटे फिरवण्याची रीत असल्याचे सुनावले. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. आकडेच पुरेसे आहेत.

शेवटी खानापूरची एक मुलगी कल्पू. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. तिने बीडीएस केले, महिना ३,००० ची शिष्यवृत्ती घेतली, नीट-एमडीएस दिली आणि मल्लेश्वरमला समुपदेशनाच्या फेऱ्यांत तिचे नाव आहे. घरात वडील म्हणतात, ‘आधी वर्दी, मग बाकी सगळं.’ आई म्हणते, ‘आधी सीट बघ गं.’ कोणाचे ऐकावे?

गुणक्रमांक चांगला असून सरकारी महाविद्यालयातली, हव्या त्या शाखेची जागा मिळत असेल तर आईचे बरोबर. फी पेलण्याजोगी, तीन वर्षांनी हातात स्वतःचा घोडा, आणि कमिशनची वयोमर्यादा ४५ असल्याने दार बंद झालेले नसते. ती शिलेदार म्हणून येईल. कायम कमिशनच्या वेळी पदवीची अट तिला अडवणार नाही, आणि फौज नाहीच जमली तरी पदवी तिची. फक्त तेव्हाच्या नीट-एमडीएसच्या गुणांची अट जाहिरातीत नीट वाचावी.

खाजगी महाविद्यालयातली महागडी जागा कर्ज काढूनच परवडणार असेल तर वडिलांचे बरोबर. कर्जाचा हप्ता भरत शिकण्यापेक्षा पगार घेत शिकणे केव्हाही शहाणपणाचे. पण मग पहिल्या दिवसापासून सेवेतल्या एमडीएसच्या मागे लागले पाहिजे. पहिली नेमणूक चांगली, गाव चांगले, सोबत चांगली, म्हणून दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. बारगिराची चौदा वर्षे मोजलेली असतात आणि त्यांतली तीन शिकण्यात जाणार असतात. तिसरी वाट, म्हणजे नको असलेल्या शाखेची महाग जागा घेऊन फौजेची वाट पाहणे, ही आई-वडील दोघांनीही तिला घेऊ देऊ नये.

सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या महासंचालनालयाकडे मात्र एक मागणी आहे. भरतीच्या जाहिरातीत कॅप्टनचा पगार रुपयांत छापला जातो. त्याच कोष्टकात आणखी तीन ओळी छापाव्यात: गेल्या पाच वर्षांत अल्पसेवेतल्या किती दंत अधिकाऱ्यांना एमडीएसची जागा मिळाली, किती जणांना कायम कमिशन मिळाले, आणि किती जण चौदा वर्षांनी बाहेर पडले.